एकाने जावे : गेटवरच्या लाल दिव्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. अंगावर दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा. मध्ये काळं बटन आणि पोटात एक दातेरी चाक. सध्या मी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये गंजलेल्या पंख्याच्या पात्यांखाली पडून आहे. तुम्ही मला पाहिलंत तर लाथ मारून पुढे जाल. खुशाल जा. पण आधी माझं ऐका. आठ वर्षं मी एका गेटवर बसून माणसांवर संशय घेतला आहे. संशय कसा बनवतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल.

माझा जन्म भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. एक्क्याण्णव साली मला नगरच्या एमआयडीसीत आणलं. इथे विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी बनत. मोटारीच्या पोटात तांब्याची तार गुंडाळावी लागते, आणि तांबं म्हटलं की मालकाला झोप नाही. म्हणून मी. शिफ्ट सुटली की कामगार रांगेने यायचे, माझं बटन दाबायचे. हिरवा लागला की घरी. लाल लागला की घंटी वाजायची आणि झडती व्हायची. पुरुषांची झडती सिक्युरिटीचा सूर्यभान घ्यायचा. बायकांना कडूबाई पडद्याआड न्यायची.

माझ्या पोटातलं चाक चोवीस दात्यांचं. एक बटन, एक दाता. त्यातले तीन दाते उंच. उंच दाता आला की लाल. बस्स, एवढंच माझं डोकं. माझ्यापुढे कोण उभं आहे, कोणत्या गावचं, कोणत्या जातीचं, मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. म्हणूनच कामगारांचा माझ्यावर विश्वास होता. सूर्यभानने मुद्दाम कोणाला अडवलं असतं तर भांडणं झाली असती. मी अडवलं की लोक मुकाट पिशवी उघडायचे. "मशीनला काय भाऊबंदकी न्हाई," असं म्हणायचे. ही माझी आयुष्यातली सर्वांत मोठी स्तुती.

एक गोष्ट सांगून टाकतो. साहेबांच्या गाड्या दुसऱ्या फाटकातून जायच्या. त्यांच्यातल्या एकानेही माझं बटन कधी दाबलं नाही. तांबं फक्त पायी जाणारी माणसंच चोरतात, असा त्या कारखान्याचा अभ्यास होता.

त्र्याण्णव साली माझ्या शेजारच्या फळ्यावर एक कागद लागला. त्यावर लिहिलं होतं की कंपनीतल्या दोन कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी विवाह केल्यास दोघांपैकी एकाने तीस दिवसांत राजीनामा द्यावा. कारण लिहिलेलं नव्हतं. ते कडूबाईने सूर्यभानला विचारलं.

"अगं, नवरा स्टोअरला आन बायको वाइंडिंगला आसली तर काय हुईल?" सूर्यभान म्हणाला. "त्यो काढनार, ती नेनार."

"मग दोन भाऊ कामाला हायेत ते? बाप-लेक हायेत ते?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तू पडदा नीट लाव. लई इचारती."

राजीनामा दोघांपैकी कोणी द्यायचा, हेही त्या कागदात नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. दीड वर्षात दोन लग्नं झाली आणि दोन्ही वेळा बाईच गेली. त्यातल्या भारतीला कंपनीने जाताना प्रेशर कुकर दिला. ती कुकर घेऊन माझ्यासमोर आली, बटन दाबलं, लाल लागला. तर कुकरचं झाकण उघडून आत तांबं आहे का ते बघितलं. निरोप हा असा.

आणि गेटच्या वर कंपनीची पाटी होती. तिच्यावर दोन डायरेक्टरांची नावं होती, मालकाचं आणि मालकीणबाईंचं. पाटी रोज पुसली जायची. पाटी आणि कागद एकमेकांपासून सहा फुटांवर होते, पण त्यांची कधी गाठ पडली नाही.

आता यशोधरेबद्दल सांगतो. कोपरगावकडची पोरगी, वडील साखर कारखान्यात कामगार. तार गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तिच्याइतका हात कोणाचाच चालत नव्हता. तीन वर्षं तिला काढून परत घेत, काढून परत घेत टेंपररी ठेवलं होतं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत ती कायम झाली. त्या दिवशी तिने माझं बटन दाबलं आणि हिरवा लागल्यावर मलाच म्हणाली, "बघ, आता मी पर्मनंट हाय." माझ्याशी बोललेली ती एकटीच.

स्टोअरला सम्राट नावाचा कामगार होता. उंच, शांत, सहा वर्षं कायम. तारेची रिळं द्यायचं काम त्याचं. ती खिडकीशी जाऊन ओरडायची, "सम्राट, बावीस नंबर दे की लवकर, झोपला का?" आणि तो म्हणायचा, "झोपू देताय व्हय तुमी?" सगळं खातं हसायचं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कोणी लपवत नव्हतं.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात दोघांनी वेगवेगळ्या कारणाने आठ-आठ दिवसांची रजा घेतली. परत आल्यावर कामावर वेगवेगळे यायचे. ती पहिल्या एसटीने, तो मागून सायकलवर. माझ्यापुढे दोघांच्या मध्ये दहा-बारा माणसं असतील अशा बेताने उभे राहायचे.

पण सूर्यभानने त्यांना पकडलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तो कडूबाईला सांगत होता, "त्या यशोधरेचं एक ध्यानात आलं का? पहिलं 'सम्राट, सम्राट' करून खिडकी डोक्यावर घ्यायची. आता काय म्हनती? 'ओ स्टोअरवाले.' काल तर फोरमननं इचारलं, रीळ कोन दिलं, तर म्हनती 'त्यांनी दिलं'. त्यांनी कोन? नाव घ्ये ना!"

"भांडान झालं आसल."

"भांडल्यावर बाई नाव घेऊन शिव्या देती. नाव कवा बंद हुतं, तुला म्हायती न्हाई?"

कडूबाईला माहीत होतं. तिने स्वतः तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

बघा मित्रांनो, शिकलेली पोरगी, कायद्याने लग्न केलेलं, दोघांनी ठरवून सगळं लपवलेलं. गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही. पण आईकडे बघून जिभेला लागलेली सवय, ती लपवायची हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सूर्यभान वर जाऊन बोलला. वर म्हणजे पर्सोनेल ऑफिसर रविराज साहेब. पुरावा नव्हता. मग एका रविवारी, कारखाना बंद असताना, एक इलेक्ट्रिशियन आला. त्याने माझी पाठ उघडली. लाल दिव्याला एक जादा तार जोडली. ती तार भिंतीच्या कडेने सूर्यभानच्या टेबलाखाली नेली आणि तिथे पायाने दाबायचं एक बटन बसवलं. वरून गोणपाट टाकलं.

सोमवारपासून मी खोटारडा झालो.

यशोधरा आली, बटन दाबलं. माझ्या चाकाने हिरवा दाता पुढे केला होता, शपथेवर सांगतो. पण टेबलाखाली पाय दाबला गेला आणि लाल लागला. घंटी वाजली. मंगळवारी लाल. बुधवारी लाल. पर्स, डबा, चपला, केसाचा अंबाडा, सगळं तपासलं. शोधत होते लग्नाचा पुरावा. नाव होतं तांब्याचं.

पडद्याआडून पहिल्या दिवशी कडूबाईचा आवाज आला, "हात वर कर." सहाव्या दिवशी आला, "उभी राहा नुसती दोन मिन्टं, पोरी. मला लाज वाटाया लागली."

आता ऐका खरं वाईट. सूर्यभानवर कोणाचा विश्वास नव्हता, पण माझ्यावर होता. त्यामुळे बायका कुजबुजू लागल्या. "मशीन उगं लाल हुतंय व्हय रोज?" "काहीतरी आसल बाई." तिच्या शेजारच्या मनकर्णाने तिच्यासोबत डबा खाणं सोडलं. रांगेत तिच्या मागे कोणी उभं राहिना, तिचा विटाळ लागेल असं अंतर ठेवायचे. त्या पोरीच्या घराण्याने असलं अंतर चाळीस वर्षांपूर्वी धर्मासकट टाकून दिलं होतं. ते या गेटवर माझ्या नावाने परत आलं. आणि सम्राट? तो दहा माणसांमागे मान खाली घालून उभा असायचा.

बाराव्या दिवशी सूर्यभानने पाय सम्राटसाठी दाबला.

त्या दिवशी सम्राटचा नेहमीचा डबा गळका निघाला म्हणून घाईत घरातला दुसरा आणला होता. कोरा करकरीत, चार पुडाचा. तुमच्या घरात आहेराची भांडी असतील. त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात, पुढे कोणी विसरू नये म्हणून. सूर्यभानने डबा उजेडाकडे धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला.

"चि. सम्राट... व यशोधरा... यांस मंगल परिणयानिमित्त... मावशी कलाबाईकडून. सात, पाच, पंच्याण्णव."

रांगेतले माना उंचावून डबा बघू लागले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आयला, लाडू कुठंय?" दोघं-तिघं हसले. सम्राट हसला नाही. पुढे गेलेली यशोधरा थांबली आणि परत आली.

टाइम ऑफिसची खिडकी माझ्या बाजूला उघडते, म्हणून पुढचं मी ऐकलं. रविराज साहेब गोड आवाजाचा माणूस.

"लग्न केलंत, अभिनंदन. पण नियम माहीत आहे ना? लपवलंत, ते सोडून देऊ. एकाने तीस दिवसांत राजीनामा द्यावा."

सम्राट पटकन म्हणाला, "ती दील साहेब."

यशोधरेने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते माझ्यासारख्या पत्र्याला सांगता येणार नाही.

"शहाणपणाचं आहे," साहेब म्हणाले. "तसंही यशोधराबाई, रोज लाल दिवा लागतोय. खात्यात चर्चा आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतो, शांतपणे गेलात तर दाखल्यावर काही लिहिणार नाही."

"काही सापडलंय का साहेब?"

"सापडलं नाही म्हणूनच सांगतोय."

"मंजी सापडलं आस्तं तरी चोर, न्हाई सापडलं तरी चोर." ती उठून उभी राहिली. "जायचं का ऱ्हायचं ते पुढं बघू. चोर म्हनून मी या गेटातून जानार न्हाई."

मित्रांनो, वाइंडिंगवाल्या बायकांची एक खोड असते. दिवसभर त्या वेढे मोजतात. एका कॉइलला इतके, दुसऱ्या कॉइलला तितके. एक चुकला तर मोटार जळते. ही मोजणी त्यांच्या अंगात मुरते. जेवताना घास मोजतात, जिन्याच्या पायऱ्या मोजतात. यशोधरा चार वर्षं रांगेत उभी राहून माझी घंटी मोजत आली होती. सातव्याला लाल, मग नवव्याला, मग आठव्याला, परत सातव्याला. माझं गुपित तिला कधीच कळलं होतं. मनात आणलं असतं तर ती रोज बरोबर हिरव्यावर उभी राहिली असती. पण झाकायला काही नसलेल्या माणसाला आकड्यांची काय गरज? आणि लाल लागायला लागल्यापासून तिला हेही कळलं होतं की लाल आपल्या आकड्यावर येत नाही. फक्त का येत नाही, ते कळत नव्हतं. टाइम ऑफिसमधून बाहेर येताना तिची नजर टेबलाखालच्या गोणपाटावर गेली. उन्हाळ्यात पायाखाली गोणपाट कशाला?

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुटीला ती रांगेच्या पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"आज मी सगळ्यात शेवटी जानार हाय. तुमी बटन दाबा, मी सांगते काय लागंल."

सूर्यभान खुर्चीतून ओरडला, "ए बाई, नाटकं न्हाई करायची हितं!"

"तुमी बसा मामा. उठू नका. तुमी बसायलाच पायजे."

पहिला आला. "हिरवा," ती म्हणाली. हिरवा. दुसरा, हिरवा. तिसऱ्यावर म्हणाली, "गोरक्षनाथभाऊ, पिशवी उघडून ठिवा, तुमचा लाल." लाल लागला, घंटी वाजली. रांगेत कालवा झाला. पन्नास माणसं गेली, एकदाही ती चुकली नाही. मी इतका आनंदाने कधी फिरलो नव्हतो. कोणीतरी पहिल्यांदा माझं खरं बोलणं मोठ्याने वाचत होतं. घरी जायचं सोडून लोक कडेला उभे राहून बघू लागले. मनकर्णा तोंडाला पदर लावून उभी.

शेवटी यशोधरा स्वतः माझ्यापुढे आली. "माझा आकडा हिरवा हाय," ती म्हणाली. "बारा दिवस हिरवाच हुता. बघा आता."

तिने बटन दाबलं. सूर्यभानचा पाय जागचा हलला नाही. हिरवा लागला.

"बारा दिसांत पयल्यांदा!" ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "मी त्वांडानं बोलले तर लगीच सुधारलं व्हय मशीन?"

सूर्यभान म्हणाला, "लागला ना हिरवा? जा मग घरी."

तेव्हा कडूबाई पडद्याआडून बाहेर आली. नोकरीला असलेली बाई, सूर्यभान तिचा वरचा. ती सरळ टेबलाशी गेली आणि म्हणाली, "उठा."

"कडूबाई, आपल्या पायरीनं ऱ्हा."

"पाच दिवस त्या पोरीचा अंबाडा सोडला म्या. या हातांनी. उठा म्हनते ना!"

तो उठला नाही. तिने टेबल त्याच्या अंगावर ढकललं, तसा उठला. गोणपाट ओढलं. खाली ते बटन. कडूबाईने पायाने दाबलं. समोर कोणी नसताना मी लाल झालो आणि घंटी वाजली. तिने परत दाबलं. परत वाजली. पाच-सहा वेळा दाबलं, सगळ्यांनी ऐकेपर्यंत.

कोणी घोषणा दिल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी एकाही कामगाराने माझं बटन दाबलं नाही. सगळे नुसते समोरून निघून गेले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तार कापायला लावली. सूर्यभानला दुसऱ्या फाटकावर टाकलं. मनकर्णा डबा घेऊन यशोधरेशेजारी बसली म्हणे. माफी मागितली की नाही ते मला ठाऊक नाही.

पण कागद होता तिथेच राहिला. तीस दिवस सरत होते. चोर नाही हे ठरलं, बायको आहे हेही ठरलं होतं, आणि त्या कारखान्यात दुसरा गुन्हा पहिल्याहून मोठा होता.

दोघं आता एकत्र यायचे. सत्ताविसाव्या दिवशी माझ्यासमोर सम्राट थांबला.

"साहेबांनी मला इचारलं, तिचा कागद कवा आनताय. मी म्हनलो, माझा आनतो."

ती लगेच नाही हरखली. "उपकार नको माझ्यावर."

"उपकार न्हाई. बारा दिवस तुझी झडती झाली. मी दहा मानसांमागं उभा हुतो. त्वांड उघडलं न्हाई. वर साहेबापुढं म्हनलो, ती दील. कोनाला इचारून म्हनलो?"

"आन उंद्या घरी बसल्यावर मला बोलून दाखवाल."

"बसाया येतं का मला? जळक्या मोटारी भरायच्या दुकानात जाईन. आन बोललोच तर तू मोजून ठिव, किती बारी बोललो ते."

तेव्हा ती हसली.

रविराज साहेबांनी राजीनाम्याचा तयार नमुना पुढे सरकवला. वर 'श्रीमती' छापलेलं होतं. आधीच्या दोघींचाच नमुना होता तो. सम्राटने ते खोडून खाली आपलं नाव लिहिलं. साहेब म्हणाले, "अहो, तुमची सहा वर्षांची नोकरी. लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "नियमात 'एकाने' लिवलंय साहेब. मी एकच हाय."

तिसाव्या दिवशी तो माझ्यासमोर शेवटचा आला. बटन दाबलं. लाल लागला. पायाचा नाही, माझा स्वतःचा, आठव्या आकड्याचा. मला फार वाईट वाटलं, पण मला बदलता येत नाही. नवा वॉचमन कानिफनाथ कानकोंडा होऊन म्हणाला, "जाऊ द्या हो, ऱ्हाऊ द्या." सम्राटने पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, टॉवेल, चष्म्याचं घर. "बघा," तो म्हणाला. "नीट बघा. बघितल्याबिगर मी जानार न्हाई." कानिफनाथने एकेक वस्तू हातात घेऊन बघितली आणि परत पिशवीत भरून दिली.

संशय तेवढ्याने संपला असं समजू नका. महिन्याभरात टाइम ऑफिसमधून ऐकू आलं, "नवरा बाहेर मोटारी भरतो, बायको आत वाइंडिंगला. लक्ष ठेवा." म्हणजे एकत्र असले तरी चोर, वेगळे झाले तरी चोर. पण यशोधरेचं काम सुटलं नाही. पुढे चार वर्षं ती माझं बटन दाबत होती. नव्व्याण्णवला हातात धरायची मशिनं आली आणि मला काढून इथे टाकलं. कागद मात्र फळ्यावर तसाच होता, वर नवी काच बसवलेली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी गेटवर बसेल, कोणी केबिनमध्ये. माझ्यासारखं एखादं यंत्र, एखादा नियम तुमच्या हाताखाली येईल. त्याची धूळ पुसा, चाकाला तेल घाला, पावसात भिजू देऊ नका. आम्ही मुकी माणसं आहोत, आमची एवढी काळजी घ्या. पण आमच्या आड लपू नका. कोणावर संशय घ्यायचाच असेल तर आपल्या तोंडाने घ्या, त्याच्या डोळ्यात बघून घ्या, आणि खोटा निघाला तर आपल्याच तोंडाने माफी मागा. तेवढी छाती नसेल तर त्या माणसाला घरी जाऊ द्या.